चारची कूस

“मावशी, माझा बूट निघतच नाहीये,” म्हणत एका पोरीने पाय सरळ माझ्या मांडीवर ठेवला. मी टाच धरून बूट ओढला, तर तिनेही पाय मागे ओढला. पुन्हा मी ओढला, पुन्हा तिने. तिसऱ्या खेपेला बूट निघाला आणि मी मागच्या दप्तरांच्या ढिगावर जाऊन आपटले. सगळी पोरं खदाखदा हसली. तीही हसली आणि तिने दुसरा पाय पुढे केला.

“हा तुझा तू काढ,” मी म्हटलं. “मला संध्याकाळी धडधाकट घरी जायचंय.”

लागलं काहीच नव्हतं. पण एवढ्याशा पायात इतका जोर असतो हे मी पार विसरून गेले होते. सव्वीस वर्षं मी रोज दोन पाय हातात घेत होते, मोजे चढवत होते, उतरवत होते. त्या पायांनी मला एकदाही उलट ओढलं नव्हतं.

बुधवार होता, माझ्या परीक्षेचा तिसरा आणि शेवटचा दिवस. तीन दिवस काम करून बघायचं आणि मग हो की नाही ते सांगून टाकायचं, असं ठरलं होतं. एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन मोठ्या खोल्या. शाळा सुटली की मुलं दुपारी इथे येतात, आईबाप कामावरून सुटले की संध्याकाळी घेऊन जातात. लोक त्याला पाळणाघर म्हणतात. पाळणा एकही नाही. सहा ते दहा वर्षांची वीस टोणगी, पाळण्यात घातली तर पाळणाच मोडायचा. पुढच्या खोलीत अभ्यास, मागच्या खोलीत खेळ आणि लहानांची झोप. दाराजवळ दप्तरं अडकवायला ओळीने हूक, आणि प्रत्येक हूकावर एक चित्र चिकटवलेलं. कासव, किल्ली, भोपळा, छत्री. मला वीस नावं काही लक्षात राहीनात, म्हणून मी पहिल्या दिवसापासून चित्रांवरूनच हाका मारत होते. बूटवाली होती ती छत्री. दुसरीतली, पुढचा एक दात पडलेली आणि भलतीच आगाऊ.

ताई केसांत पेन्सिल खोचून आल्या. हे सगळं त्यांचंच. वयाने माझ्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणायचे.

“मग मावशी, काय ठरलं तुमचं?”

“संध्याकाळी सांगते.”

“नक्की सांगा हां. ह्यांचा आज शेवटचा दिवस.” त्यांनी दाराला पाठ टेकून उभ्या असलेल्या दुसऱ्या मावशीकडे मान केली. तिचं पोट आता तिच्याआधी खोलीत शिरायचं. “उद्यापासून मी एकटी आणि ही वीस. तुम्ही नाही म्हणालात तर मला रडावं लागेल बघा.”

त्या हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

ही नोकरी काही मी शोधली नव्हती. ती यांनी आणली. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दोन आठवड्यांपूर्वी याच इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून गेले होते, तर आत कागद चिकटवलेला: ‘शाळेनंतर मुलं सांभाळायला अनुभवी मावशी हव्या आहेत. वेळ दुपारी दोन ते सात.’ दुसरं कोणी असतं तर फोन नंबर उतरवून घेतला असता. यांनी अख्खा कागद सोलून घरी आणला. म्हणजे दुसरी कोणी यायलाच नको. नंतर ताई मला म्हणाल्या, “काय नवल आहे बघा, एवढी जाहिरात लावली आणि तुम्ही एकट्याच आलात.” मी खाली बघत राहिले.

फॉर्मसुद्धा यांनीच भरला. माझं अक्षर वाईट नाही, पण ‘पूर्वानुभव’ असा एक रकाना होता, तिथे येऊन माझा हात थांबला. यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, ‘२६ वर्षे’. लिहिलं आणि आपण काहीच केलं नाही असं दाखवत चहाची कपबशी धुवायला निघून गेले.

ताईंनी ते वाचून भुवया उंचावल्या होत्या. “सव्वीस वर्षं! कुठे हो?”

“घरीच.”

“अरे वा. किती मुलं असायची?”

“एक.”

“एका वेळी एकच? म्हणजे सगळं लक्ष एकावरच. नशीबवान मुलं.”

मी हो म्हटलं. त्यांनी मनाशी घरगुती पाळणाघर धरलं होतं आणि मी ते मोडलं नाही. खोटं मी बोलले नाही. खरंही सांगितलं नाही.

ते एक मूल म्हणजे आमची छकुली. जन्मताना तिला श्वास मिळायला उशीर झाला आणि तेवढ्या उशिरात तिचं सगळं गेलं. बोलणं, चालणं, बसणं, मान धरणं. वाढली मात्र. सव्वीस वर्षांची झाली, केस कमरेपर्यंत आले, आणि नाव छकुलीच राहिलं. तिच्यासाठी यांनी स्वतःच्या हाताने पलंग बनवला होता. भंगारातलं एक हँडल आणून असं बसवलं होतं की फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. डॉक्टर म्हणायचे, असा पलंग आमच्या दवाखान्यात नाही.

पडून असलेल्या माणसाची पाठ फुटते. एकाच कुशीवर ठेवलं की कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग उघडते आणि मिटता मिटत नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मी. बाराची आणि दोनची हे. पहाटे चारची पुन्हा मी. लग्नाला जायचं असेल तर एकाने जायचं. ताप आला तरी उठायचं. भांडण झालं असलं तरी यांनी मला हाक मारून घड्याळ दाखवायचं, मग पुन्हा अबोला चालू. सव्वीस वर्षांत तिच्या पाठीवर एक जखम झाली नाही. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच आहे. शेवटी छातीत कफ भरला आणि चार दिवसांत आटोपलं. गेली तेव्हा पाठ अशी कोरी होती की तिला आंघोळ घालायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

त्याला दहा महिने झाले. लोक म्हणाले, सुटली बिचारी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हीही सुटलात. मी कुठून सुटले ते त्यांनी सांगितलं नाही. पहाटे चारला मला अजून जाग येते. दुपारी चारला हातातलं काम हातात राहतं. एका रविवारी हे लवकर घरी आले आणि त्यांनी मला बघितलं. छकुलीच्या पलंगावर मी लोड ठेवला होता आणि त्याला डाव्या कुशीवरून पाठीवर घेत होते. हे दारात उभे राहिले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच तो कागद लिफ्टमधून सोलून आणला.

परीक्षेचे तीन दिवस सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, “बुधवारी तू हो म्हण. मी पलंग खोलून टाकतो.”

मी काही बोलले नाही. माझं न बोलणं म्हणजे होकार, असं यांनी लग्न झाल्यापासून धरलेलं आहे. निम्म्या वेळेला ते चुकतं, पण माणूस सुधारत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, सोमवार-मंगळवार बरे गेले. पेन्सिलींना टोक काढ, ह्याचं त्याने घेतलं ते मिटव, कोणाची वही पाण्यात पडली ती वाळत घाल. दूध आणि केळी वाटताना मी केळ्याचे अगदी बारीक तुकडे केले आणि चमच्याने कुस्करले. भोपळ्याने ताटलीत बघून विचारलं, “मावशी, हे आधी कोणी खाल्लंय का?” मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं. सोमवारी घरी जाऊन मी यांना ते सांगितलं, तर हे इतके हसले, इतके हसले, की मग डोळे पुसत बाहेर जाऊन उभे राहिले.

म्हणजे मी हो म्हणणार होते. फॉर्मवर सही तेवढी राहिली होती आणि फॉर्म माझ्या पिशवीत होता. बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत मी हो म्हणणार होते.

पहिली-दुसरीतली सात मुलं मागच्या खोलीत सतरंज्यांवर झोपायची. मोठी मुलं पुढे ताईंकडे अभ्यासाला, दुसरी मावशी त्यांच्यासोबत. झोपलेल्यांजवळ मी. पडदे ओढलेले, पंखा चालू. छत्री झोपायची नाही, नुसती डोळे मिटून पडायची आणि मी पाहिलं की घट्ट मिटायची. कासव मात्र गाढ. नाव शोभावं असं पोर, पहिलीतलं, सगळं सावकाश करणारं. आल्यापासून डाव्या कुशीवर जे पडलं होतं ते हललं नव्हतं. हात गालाखाली दबलेला, तोंड उघडं.

मी दाराशी बसून एका फ्रॉकचं बटण लावत होते. समोर घड्याळ होतं. चार वाजले.

मी ठरवून उठले असं मला म्हणता येणार नाही. बटण खाली ठेवल्याचं आठवतं. मग मी कासवाजवळ गुडघ्यांवर बसलेली होते. आधी कान बघितला, दुमडलेला नाही ना. दबलेला हात सोडवला. मागची चादर ओढून सुरकुती काढली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. मग हळू आवाजात, जसं रोज म्हणायची तसं, “एक, दोन, तीन.”

छकुली शेवटी बेचाळीस किलोची होती. तेवढा जोर माझ्या हातांत ठरलेला आहे, तो काही मी मोजून लावत नाही. कासव सारं अठरा-वीस किलोचं. ते पाठीवर थांबलंच नाही. दीड वळण घेऊन शेजारच्या भोपळ्याच्या पोटावर जाऊन पडलं.

दोघंही दचकून उठले. कासवाने मला बघितलं, मी अजून हात पुढे धरून बसले होते, आणि त्याने माझे दोन्ही हात जोराने ढकलून दिले.

“मावशीने मला उलटं केलं!” ते रडत ओरडलं.

ताई धावत आल्या. “काय झालं? पडलं का कोणी?”

“नाही,” मी म्हटलं. “कूस बदलत होते.”

“कूस? का?”

“चार वाजले.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मलाही तेव्हाच माझे शब्द ऐकू आले. पण मुलांचं काय, त्यांना दुसऱ्याच्या रडण्याशी देणंघेणं नसतं. किल्ली डोळे चोळत उठून बसली आणि म्हणाली, “मला पण उलटं करा ना.”

“मला पण!” आणखी एक पोर.

“आधी मी! माझ्यावर ते पडलं म्हणून आधी मी!” भोपळा.

सातही जण सतरंज्यांवर आडवे झाले. कासवाने रडणं थांबवलं आणि तेही रांगेत आलं, कारण मूळ खेळ त्याचा होता. ताईंनी सुस्कारा सोडला. “करा मावशी पाच मिनिटं. नाहीतरी साडेचारला उठवायचंच आहे.” त्या हसत होत्या, पण जाताना एकदा वळून माझ्याकडे बघून गेल्या.

मी केलं. कशी नाही म्हणणार? एक, दोन, तीन, की भोपळा गडगडत भिंतीपर्यंत. एक, दोन, तीन, की किल्ली खिदळत पलीकडे. कोणी मुद्दाम जड होऊन बसायचं, कोणी मी हात लावायच्या आधीच उलटं व्हायचं. माझे गुडघे दुखायला लागले, केस सुटले, आणि मी हसत होते. त्या पाच मिनिटांत मला छकुली आठवली नाही. हे मी कबूल करते. मला आनंद झाला होता.

शेवटची छत्री.

“मी खरी झोपलेय हां,” ती म्हणाली. “मला जाग येता कामा नये. आली तर तुम्ही आउट.”

तिने डोळे मिटले. आज घट्ट नाही मिटले. मग तिने अंग सोडलं. आधी हात सोडले, मग पाय, पावलं बाहेरच्या बाजूला कलली. मान एका बाजूला गेली, तोंड थोडं उघडलं. सगळी ढिली झाली. कोणी शिकवलं तिला कोण जाणे. नुसती नक्कल होती, पण चूक शोधायला जागा नव्हती.

मी तिच्या खांद्याखाली हात घातला आणि ते वजन माझ्या हातात आलं. जे उलट ओढत नाही ते. दहा महिने माझे हात जे शोधत होते ते.

मग मी घाई केली नाही. कान बघितला. केस मानेखालून बाजूला घेतले. चादर सारखी केली. एक, दोन, तीन, आणि ती अलगद उजव्या कुशीवर आली, मला हवी होती तिथेच थांबली. वरचा गुडघा किंचित दुमडला, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली. नॅपकिनची गुंडाळी करून घोट्याखाली ठेवली, टाच टेकू नये म्हणून. पाठीवरून हात फिरवला. कोरी होती. मुलं गप्प झाली होती. कासवाने हळूच विचारलं, “ती खरंच झोपली का?” मी तोंडावर बोट ठेवलं.

किती वेळ गेला माहीत नाही. एक मिनिट असेल.

मग छत्रीने डोळे उघडले, “मला जाग नाही आली! मावशी जिंकल्या!” म्हणाली, उशी लाथाडली आणि उठून पळाली.

आणि मला राग आला. साधा नाही, पोटातून आला. उठलीस कशाला, असं मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. सात वर्षांची पोर, हसत-खेळत पुढच्या खोलीत पळत गेली होती, आणि मी सतरंजीवर बसून म्हणत होते, पडून राहायला काय झालं होतं तुला.

त्यानंतरचे दोन तास मी सगळं काम नीट केलं. दूध दिलं, ग्लास विसळले, अभ्यासाच्या वह्या ज्याच्या त्याच्या दप्तरात घातल्या. पण मुलांना हात लावला नाही. भोपळ्याने नाक पुसायला तोंड पुढे केलं तर त्याच्या हातात रुमाल दिला.

सहानंतर पालक यायला लागले. छत्रीचे वडील दारात उभे होते. तिने पुन्हा पाय माझ्यापुढे केला. मी बूट धरला आणि तिने टाच दाणकन आत मारली.

“उद्या पण उलटं कराल ना?”

“उद्याचं उद्या,” मी म्हटलं. मुलांशी खोटं बोलायला फार लागत नाही.

साडेसहाला पोरं गेल्यावर ताईंनी चहाचे दोन कप आणले आणि छोट्या खुर्च्यांवर आम्ही दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मी पिशवीतून फॉर्म काढला.

“ताई, ती सव्वीस वर्षं,” मी म्हटलं. “ते पाळणाघर नव्हतं. एकच मूल होतं. माझंच. कधी उठलंच नाही.”

मग मी सांगितलं. फार लांबवलं नाही. सवय असते, कोणाला किती ऐकवतं ते मला कळतं. ताईंचा चहा तसाच राहिला.

“तरी मला तुम्हीच हव्या आहात,” त्या म्हणाल्या. “आजचं मी कोणाला सांगणार नाही. कासवाची आई आली तेव्हा ते स्वतःच हसत सांगत होतं. मावशी, इतकी काळजी घेणारं माणूस मला मिळणार कुठून?”

माझी एवढी कदर कोणी केली नव्हती. म्हणूनच पुढचं सांगणं भाग होतं.

“ती मुलगी उठून पळाली ना, तेव्हा मला तिचा राग आला. उठली म्हणून.”

“अहो, क्षणभराचं असतं ते. दुःखात माणसाच्या मनात काय काय येतं. हळूहळू सवय होईल.”

“तीन दिवसांत मला सवय कशाची झाली ते मी बघितलंय,” मी म्हटलं. “उद्या चार वाजता ती पुन्हा आडवी होईल. परवा पुन्हा. ती खेळणार, आणि मी खेळत नसणार. धडधाकट मुलाने पडून राहावं असं ज्या बाईला वाटतं, तिच्याजवळ मुलं ठेवू नका तुम्ही.”

त्यांनी मग पेन्सिल केसांतून काढली, पुन्हा खोचली. “मग उद्या मी काय करू?” असं म्हणाल्या, आणि दुपारी हसत म्हणाल्या होत्या तसं खरंच डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

पिशवीत तो लिफ्टमधला कागद चार घड्या घालून ठेवलेला होता. तो काढून त्यांच्यासमोर ठेवला. “हा पुन्हा लावा. आमच्या यांनी काढला होता. चांगली माणसं येतील.” मग दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि जिन्याने खाली उतरले.

घरी पोचले तर दार उघडं. बाहेरच्या खोलीत पाने, पक्कड, ग्रीसचा डबा. भिंतीला टेकून लोखंडी पट्ट्या, सुतळीने नीट बांधलेल्या. हँडल वेगळं काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रावर ठेवलेलं. आणि हे आतून केरसुणी घेऊन आले, केसांत धूळ, तोंडावर जरा भीती आणि जरा उत्साह.

“लवकर सुटलो आज,” म्हणाले. “म्हटलं तू यायच्या आत करून टाकू. तुझ्या डोळ्यांसमोर नको. काय म्हणाल्या ताई?”

“त्या हो म्हणाल्या. मी नाही म्हणाले.”

केरसुणी त्यांच्या हातात तशीच राहिली. भिंतीला टेकलेल्या पट्ट्यांकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे. का, असं विचारलं नाही. एवढी वर्षं एकत्र जागलेल्या माणसाला बरंचसं चेहऱ्यावरच दिसतं.

“परत जोडू?” त्यांनी विचारलं.

“कोणासाठी?”

मी आतल्या खोलीत गेले. खोली एकदम मोठी झाली होती. जिथे पलंग होता तेवढी फरशी बाकीपेक्षा उजळ होती, आणि चार पायांच्या जागी चार चौकोन, नव्या फरशीसारखे. बाकी घर वापरून जुनं झालं आणि तेवढं तसंच राहिलं. आता मला दुपारी चारला जायला ना ती जागा होती ना ही. दोन्हीकडून मी गेले होते.

मी त्या चार चौकोनांच्या मधे खाली बसले आणि मग आडवी झाले. फरशी गार होती. भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर पडले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. पुढच्या दिवसांचा विचार करून बघितला. मला उद्यासुद्धा दिसेना.

किती वेळ पडले होते कोण जाणे. बाहेर हे भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ते दारात आले असतील. जवळ येऊन उकिडवे बसले, गुडघे वाजले त्यांचे.

“हात दबलाय तुझा खाली,” म्हणाले.

दबला होता. मुंग्या आल्या होत्या आणि मला कळलं नव्हतं. त्यांनी तो हळूच सोडवला. कानावरचे केस मागे केले. मग एक हात माझ्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. मी काही केलं नाही. अंग सोडून दिलं. मी तशी जड आहे, छकुलीपेक्षा कितीतरी जड, आणि यांचीही पाठ आता पहिल्यासारखी राहिलेली नाही.

“एक,” ते म्हणाले. “दोन. तीन.”

मी पाठीवरून उजव्या कुशीवर आले. त्यांनी कपाटातून उशी आणून गुडघ्यांमध्ये दिली, चादर घातली, पायाकडे ओढून तिची सुरकुती काढली. ग्रीसचा वास येत होता त्यांच्या हातांना. मग सवयीने त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. आठ वाजले होते.

“तू नीज,” ते म्हणाले. “दहाची मी करतो.”